याक किल्मी: फिनलंडच्या टीव्हीवर वाढलेला एस्टोनियन दिग्दर्शक

अर्धा_चहा

इराणी, कोरियन, पोलिश सिनेमावर इथे ढीगभर धागे आहेत पण एस्टोनियावर एकही दिसला नाही म्हणून काढतोय, आधी असेल तर लिंक द्या आणि हा उडवा.

एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठचा, जेमतेम तेरा लाख लोकवस्तीचा देश. १९४० मध्ये सोविएत संघाने गिळला, मधे तीनेक वर्षं जर्मनांनी, मग पुन्हा सोविएत, ते थेट १९९१ पर्यंत. अशा देशाचे सिनेमे कसे असणार हे आपण न बघताच ठरवून टाकतो. बर्फ, मालगाडी, सायबेरिया, आणि तीन तास कुणी हसत नाही. तसे सिनेमे आहेतच आणि काही तर फार ताकदीचे आहेत. मार्ती हेल्देचा १९४१ च्या हद्दपारीवरचा सिनेमा बघा, कृष्णधवल, माणसं पुतळ्यासारखी गोठलेली उभी आणि कॅमेरा त्यांच्यामधून फिरतोय. पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो याक किल्मी नेमका उलट्या टोकाचा आहे. त्याला तो सगळा काळ आठवतो आणि हसू येतं. आणि हे हसू उथळ नाहीये, हे मला इथे सांगायचंय.

किल्मीचा जन्म १९७३ चा, तालिनचा. म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हा हा अठराच्या आसपास. ही पिढी मजेशीर आहे बघा, लहानपण पूर्ण सोविएत, शाळेत लाल रुमाल वगैरे सगळं, आणि मिसरूड फुटायच्या वेळी सगळंच गायब. आईबापांसारखी यांना भीती मुरलेली नाही आणि धाकट्या भावंडांसारखं काहीच आठवत नाही असंही नाही. दिग्दर्शक आणि निर्माता दोन्ही, कथापट पण करतो, माहितीपट पण करतो, आणि बरेचदा कुणाबरोबर तरी जोडीने.

पहिला मोठा सिनेमा २००४ चा, रेने रेइनुमागीबरोबर केलेला 'डुकरांची क्रांती'. काळ १९८६ चा उन्हाळा. तिकडे शाळाकॉलेजच्या पोरांना सुट्टीत 'मालेव' म्हणून श्रमछावणीला पाठवायचे, शेतावर काम, जंगलात तंबू, वर शिस्त लावायला कोम्सोमोलची (कम्युनिस्ट युवक संघटनेची) मंडळी. कागदावर समाजवादी श्रमसंस्कार आणि प्रत्यक्षात काय तर सोळा सतरा वर्षांची पोरंपोरी पहिल्यांदा घराबाहेर, त्यामुळे दारू, प्रेमप्रकरणं, रात्रभर धिंगाणा. आणि त्यातून छावणीच्या म्होरक्यांविरुद्ध खरंच बंड सुरू होतं. सिनेमा थोडा बेंगरूळ आहे, आवाज फार, कट फार, पण त्यातली उर्मी खरी आहे. गंमत म्हणजे याला ज्यूरीचं खास बक्षीस मिळालं ते मॉस्कोच्या महोत्सवात! सोविएत शिस्तीची टिंगल करणारा एस्टोनियन सिनेमा आणि त्याला मॉस्कोतच बक्षीस.

पण किल्मी ओळखला जातो तो २००९ च्या 'डिस्को आणि अणुयुद्ध' या माहितीपटामुळे. हा त्याने किउर आर्माबरोबर केला. विषय एका ओळीत सांगायचा तर फिनलंडच्या टीव्हीने सोविएत एस्टोनिया कसा पोखरला. तालिन आणि हेलसिंकीमधे ऐंशीएक किलोमीटरचं समुद्राचं पाणी. १९७१ ला फिनलंडवाल्यांनी हेलसिंकीजवळच्या एस्पूला मोठा टीव्ही मनोरा बांधला आणि सिग्नल थेट उत्तर एस्टोनियात पोचायला लागला. रेडिओवर परदेशी आवाज दाबायला सोविएतांकडे जॅमर होते, टीव्हीचं मात्र काही जमेना. वर भाषा जवळजवळ बहीण, थोडं कान देऊन ऐकलं की कळायला लागते. झालं मग. अख्खं तालिन संध्याकाळी फिनलंडात.

ज्यांनी अँटेना फिरवायला गच्चीवर चढून खाली ओरडून 'आलं का? आता आलं का?' केलंय त्यांना यातले कित्येक प्रसंग समजावून सांगावे लागणार नाहीत. फक्त तिकडे ते चोरून होतं. अँटेनात पारा घातला की चित्र स्वच्छ येतं अशी आवई उठली आणि औषधांच्या दुकानातून थर्मामीटर गायब झाले. 'डॅलस' ही अमेरिकन मालिका लागायची तेव्हा रस्ते ओस. यात सगळ्यात गोड धागा म्हणजे निवेदक पोराची मामेबहीण की चुलतबहीण उर्वे, ती राहते दक्षिणेत, तिथे सिग्नल पोचत नाही. तर हा तिला पत्रातून 'डॅलस'ची गोष्ट लिहून पाठवतो आणि ती ती गावातल्या लोकांना वाचून दाखवते, लोक जमतात, पुढे काय झालं विचारतात. मालिकेतल्या जे. आर. ला गोळी कुणी घातली हे टपालाने कळतंय! एक पोरगं मनगटावरच्या घड्याळात तोंड घालून गाडीशी बोलतंय, बोलत्या गाडीची 'नाईट रायडर' मालिका बघून. कुणी फिनिश टीव्हीवर बघून डिस्को शिकतंय. आणि १९८७ ला फिनलंडने 'इमॅन्युएल' हा कामुक फ्रेंच सिनेमा दाखवला त्या रात्री म्हणे दक्षिणेतून लोक गाड्या काढून उत्तरेला आले, आणि नऊ महिन्यांनी प्रसूतिगृहांत गर्दी झाली.

यातलं किती खरं? तिथेच किल्मीचं डोकं आहे. जुनं फिल्म फुटेज, मुलाखती आणि नव्याने शूट केलेले प्रसंग हे त्याने इतकं मिसळलंय की कधी कधी शिवण दिसत नाही. सगळं निवेदन एका तेव्हाच्या पोराच्या तोंडून. त्याच्या दृष्टीने शीतयुद्ध म्हणजे पॉलिटब्युरो नाहीच, तर घरातल्या टीव्हीत कोण जिंकतं तो प्रश्न.

पुढे २०१७ चा 'सांगारिद', म्हणजे हिरोलोक. तीन तरुण सोविएत एस्टोनियातून पळून स्वीडनला जातात, तिकडे आधी कौतुक, मग कळतं की पश्चिमेतही सकाळी उठून कामाला जावं लागतं, टीव्हीत दाखवतात तसं नसतं. म्हणजे 'डिस्को'चा पुढचा भागच म्हणा. मला हा तितका आवडला नाही, पण कल्पना जबरदस्त आहे.

बाकीच्यांनी भर घाला.

भिंगरी

मस्त धागा! वाचनखूण साठवली. उर्वेचं वाचून फार गंमत वाटली. पण इमॅन्युएलचं खरंच का हो? नऊ महिन्यांचं? असं प्रत्येक शहराबद्दल सांगतात लोक, लाईट गेले होते, पूर आला होता, आणि मग नऊ महिन्यांनी... हे जरा जास्तच वाटतंय.

सोल्डरगन

अर्धाचहाराव, एक राहिलं, आणि माझ्यासारख्याला त्यातच रस आहे. नुसती अँटेना फिरवून भागायचं नाही. रंगीत टीव्हीच्या पद्धती वेगळ्या, सोविएत सेट सेकाम आणि फिनलंडचं प्रक्षेपण पाल. म्हणजे चित्र आलं तरी काळंपांढरं. शिवाय आवाजाची गोची निराळीच. त्यांच्या सेटमधे चित्र आणि आवाज यांच्या फ्रिक्वेन्सीत ६.५ मेगाहर्ट्झचं अंतर, फिनलंडकडे ५.५. त्यामुळे न सुधारलेल्या सेटवर माणसं नुसती तोंडं हलवणार. म्हणून लोक सेट उघडून आत एक जादा सर्किट बसवून घ्यायचे, त्याला 'फिनिश ब्लॉक' म्हणायचे, आणि तालिनमधे रेडिओ कळणारे लोक हे घरगुती बनवायचे आणि विकायचे. खरे क्रांतिकारक हे लोक!

अवांतर: आपलं दूरदर्शन पण पाल-बी, ५.५ वालंच. म्हणजे तत्त्वतः दूरदर्शनचा सेट उचलून तालिनला नेला असता तर काही न करता फिनलंड दिसलं असतं. एस्टोनियन लोकांनी काय किंमत दिली असती त्याची.

खवट_नाना

आता माझं ऐका. हा माहितीपट मी बघितलाय आणि मला तो लबाड वाटला. चांगला बनवलाय, मान्य, हसलो पण. पण ज्याला माहितीपट म्हणता त्यात तुम्ही नट घेऊन प्रसंग शूट करता, त्यावर जुन्या फिल्मचे ओरखडे टाकता, आणि खाली कुठेही सांगत नाही की बाबा हे आम्ही आत्ता केलंय. अख्ख्या देशाचा इतिहास पन्नास वर्षं खोट्या फिल्म दाखवून लिहिला गेला, सोविएत वृत्तपट सगळे असेच असायचे, हसरे मजूर आणि भरलेली दुकानं. त्याच देशातला दिग्दर्शक पुन्हा तेच तंत्र वापरतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

दुसरा मुद्दा मोठा आहे. फिनलंडच्या टीव्हीने साम्राज्य पाडलं म्हणे. लिथुआनियात कुठे होता फिनलंडचा टीव्ही? आणि स्वातंत्र्य जाहीर करणारं पहिलं सोविएत प्रजासत्ताक कोण, तर लिथुआनिया, ११ मार्च १९९०. लाटव्हियात पण फिनलंड दिसत नव्हतं. बरं एस्टोनियातच बघा. १९८७ ला फॉस्फराइटच्या (खतासाठीच्या खनिजाच्या) खाणींविरुद्ध जे आंदोलन पेटलं त्यात पुढे कोण होतं, तर तार्तूचे विद्यार्थी. १९८८ च्या एप्रिलात बंदी असलेला निळा-काळा-पांढरा झेंडा उघड उघड निघाला तो कुठे, तर तार्तूत. आणि तार्तू दक्षिणेला. तिथे सिग्नल पोचत नव्हता, उर्वेचा भाग तो. म्हणजे ज्यांनी 'डॅलस' बघितलं ते घरी बसले आणि ज्यांना दिसलं नाही ते रस्त्यावर आले, असाही सिनेमा निघू शकतो.

भिंगरी

नाना, हा शेवटचा मुद्दा भारी आहे. 😄

अर्धा_चहा

नाना, तार्तूचं तुमचं बरोबर आहे आणि तो मुद्दा मुळात वर टाकायला हवा असा आहे. पण 'लबाड' हा शब्द मला मान्य नाही.

बघा, सोविएत वृत्तपट आणि किल्मी यांच्यात फरक काय? वृत्तपट म्हणायचा मी खरं सांगतोय, शंका घेऊ नका. किल्मी पहिल्या पाच मिनिटांत एका लहान पोराच्या आवाजात बोलायला लागतो. लहान पोरगं सांगतंय म्हटल्यावर ऐकणारा आपोआप अर्धं मीठ लावून घेतो. पाऱ्याची अँटेना, नऊ महिने, घड्याळात बोलणं, या सगळ्या अंगणात बसून मारलेल्या गप्पा आहेत आणि त्या तशाच सुरात सांगितल्यात. आणि अफवा हाच त्या समाजाचा खरा इतिहास होता ना? वर्तमानपत्र खोटं, टीव्ही खोटा, मग लोक जगत होते ते एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींवर. त्या गोष्टींचं दस्तऐवजीकरण करायचं तर त्या खऱ्या की खोट्या हे तपासून अर्ध्या गाळून कसं चालेल? थर्मामीटर लोकांनी खरंच विकत घेतले असतील तर पाऱ्याने चित्र सुधारतं की नाही याला काय अर्थ आहे.

आणि टीव्हीने साम्राज्य पाडलं असं तो गंभीरपणे म्हणतच नाही. ते म्हणण्याचा आव आणतो. शीतयुद्धातला प्रत्येक जण आपणच ते जिंकलं म्हणतो, रेगनवाले म्हणतात, पोप म्हणतात, पोलंडवाले म्हणतात, तर हा म्हणतो आमच्या गल्लीतल्या अँटेनानी जिंकलं. ती टिंगल त्या दाव्यांची आहे.

खवट_नाना

आव आणतो हे तुम्हाला कळलं कारण तुम्ही चार पुस्तकं वाचलीत. वॉर्साच्या महोत्सवात त्याला माहितीपटाचंच बक्षीस मिळालं ना? गप्पांच्या सिनेमाचं नव्हे. परदेशात जिथे एस्टोनिया नकाशावर दाखवता येत नाही तिथे बघणारा हे इतिहास म्हणूनच घेऊन जातो.

उत्तरध्रुव

मी हेलसिंकीत राहते, त्यामुळे पलीकडच्या काठावरून लिहिते. इथून तालिनला फेरीने दोन तास, लोक शनिवारी दारू आणायला जातात, ते पण एक पर्यटनच आहे. एक गोष्ट मी स्वतः कितीतरी वेळा बघितली आहे ती अशी की तालिनमधे पन्नाशीच्या पुढचं कुणीही असो, दुकानदार, टॅक्सीवाला, आजीबाई, तुमच्याशी घडाघडा फिनिश बोलतं. कुठे शिकलात विचारलं की हसतात आणि टीव्हीकडे बोट दाखवतात. फिनलंडमधे परदेशी मालिका डब करत नाहीत, खाली फिनिश अक्षरं असतात, त्यामुळे कान इंग्रजीवर आणि डोळे फिनिशवर असं दोन्ही भाषांचं शिक्षण फुकट झालं त्यांचं. तरुण पोरं मात्र आता इंग्रजीच बोलतात, त्यांना फिनिश येत नाही. तार्तूला गेलं तर म्हाताऱ्यांनाही येत नाही. त्यामुळे नाना, साम्राज्य पडलं की नाही माहीत नाही पण सिग्नल कुठपर्यंत पोचायचा ते आजही माणसांच्या तोंडून कळतं.

तालिनला गेलात तर विरू हॉटेल बघा. १९७२ चं, फिनिश कंपनीने बांधलेलं, परदेशी पाहुण्यांसाठी. लिफ्टमधे बटणं २२ मजल्यांचीच आणि २३ व्या मजल्यावर केजीबीची ऐकायची खोली. आता तिथे म्युझियम आहे. किल्मीला हे सगळं विनोदी का वाटतं ते त्या खोलीत गेल्यावर कळतं, कारण दारावर रशियन आणि एस्टोनियनमधे लिहिलंय 'इथे काहीही नाही'.

सोल्डरगन

'इथे काहीही नाही' 😂😂 आमच्या सोसायटीच्या मीटर रूमवर लावतो.

टीव्हीवरूनच आठवलं, तालिनचा स्वतःचा टीव्ही मनोरा ३१४ मीटरचा, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी बांधलेला, कारण नौकाशर्यती तालिनला होत्या. ऑगस्ट १९९१ ला मॉस्कोत उठाव झाला तेव्हा सोविएत सैन्य हा मनोरा ताब्यात घ्यायला आलं आणि वरच्या मजल्यावर दोन पोलिसांनी स्वतःला कोंडून घेऊन प्रक्षेपण तुटू दिलं नाही. लिफ्टच्या दारात काड्यापेटी अडकवून ठेवली होती म्हणतात. त्या दिवसांवर इल्मार रागने एक टीव्ही फिल्म केली आहे. म्हणजे टीव्हीचा आणि त्यांच्या स्वातंत्र्याचा काहीतरी संबंध आहेच, मग तो फिनलंडचा असो नाहीतर स्वतःचा.

मृण्मयी_क

इल्मार रागचं नाव निघालं ते बरं झालं. माझ्या मते एस्टोनियन सिनेमा बघायला सुरुवात करायची तर किल्मीपासून नाही, रागच्या 'क्लास'पासून करावी. २००७ चा. शाळेत एका मुलाला वर्ग छळतो, दुसरा एक मुलगा त्याची बाजू घेतो आणि मग त्याचीही तीच गत. शेवट सांगत नाही. तुटपुंज्या पैशात, खऱ्या शाळकरी पोरांना घेऊन केलेला. बघून दोन दिवस डोक्यातून जात नाही. आणि राग हा माणूस पण वेगळाच, आधी एस्टोनियाच्या सरकारी टीव्हीचा प्रमुख होता, नंतर दिग्दर्शनाकडे वळला. त्याच्या पॅरिसच्या सिनेमात तर फ्रेंच अभिनेत्री जान मोरो आहे.

किल्मीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्याच्या सगळ्या आठवणी पोरांच्या आहेत. पोरं पळून जातात, पोरं बंड करतात, पोरं घड्याळात बोलतात. उर्वे सोडली तर मुलगी लक्षात राहते का कुठली? आणि उर्वेला पण काम काय तर भावाने लिहिलेलं वाचून दाखवायचं. खरं तर मला तिचा सिनेमा बघायचाय. न बघितलेली मालिका गावाला सांगणारी मुलगी, ती मधे स्वतःचं काय काय घालत असेल!

भिंगरी

मृण्मयीताई, +१००. उर्वेवर वेगळा सिनेमा निघाला पाहिजे.

अर्धा_चहा

मृण्मयीताई, तक्रार रास्त आहे. 'डुकरांच्या क्रांती'त मुली आहेत आणि चांगल्या भांडतात, पण कॅमेरा पोराच्याच मागे जातो हे खरं.

मृण्मयी_क

त्यावर उतारा म्हणून आना हिंट्सचा स्मोक सौनावरचा (धुराने तापवलेल्या स्नानखोलीवरचा) माहितीपट बघा, २०२३ चा. धुराच्या सौनात बायका बसल्यात, घाम निथळतोय आणि एकेक जण आयुष्यात काय सोसलं ते सांगते. चेहरे बरेचदा दिसतच नाहीत, नुसती पाठ, हात, वाफ. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस, नंतर युरोपियन फिल्म ॲवॉर्ड पण. ही वोरो भागातली परंपरा, म्हणजे देशाचा आग्नेय कोपरा, युनेस्कोच्या यादीत आहे. नाना, यात एकही ओरखडा खोटा नाही हो.

आणि जुन्यांमधे लेइदा लाइउस. १९८५ ला तिने आर्वो इहोबरोबर अनाथाश्रमातल्या मुलांवर सिनेमा केला होता, सोविएत काळातच, आणि त्यात एक सोळा वर्षांची मुलगी मधोमध आहे. कुणीतरी तिच्यावर धागा काढा.

पाटीलबुवा

दिग्दर्शक आणि निर्माता दोन्ही म्हणजे पैसेवाला माणूस दिसतोय. आपल्याकडे निर्माता म्हटलं की बिल्डर नाहीतर साखर कारखाना.

अर्धा_चहा

पाटीलबुवा 😄 नाही हो. तिकडे निर्माता म्हणजे अर्ज भरणारा माणूस. तेरा लाख लोकसंख्या, त्यात रशियन बोलणारे बरेच, उरलेल्या लोकांनी किती तिकिटं काढली तर सिनेमाचा खर्च निघेल? निघतच नाही. म्हणून पैसा येतो तो एस्टोनियन फिल्म इन्स्टिट्यूटकडून आणि कल्चरल एंडाउमेंटकडून. या दुसऱ्या संस्थेचा पैसा कुठून येतो माहितीये? दारू, तंबाखू आणि जुगारावरच्या करातून. उत्तरध्रुव, तुमचे फिनिश लोक शनिवारी दारू आणायला जातात म्हणालात ना, ते नकळत सिनेमाला पैसे देतायत.

आणि तरी पुरत नाही म्हणून शेजाऱ्यांकडे हात पसरायचा. 'डिस्को' फिनलंडबरोबर मिळून केलेला आहे. त्यामुळे तिथे दिग्दर्शकाने निर्माता व्हायचं यात मिरवण्यासारखं काही नाही, आज तू माझ्या सिनेमाचे कागद कर, उद्या मी तुझ्या सिनेमाचे करतो असा मामला. किउर आर्मा बघा, 'डिस्को'चा लेखक, सहदिग्दर्शक, आणि निर्मितीतही तोच. नंतर त्याने हार्दी वोल्मेरबरोबर 'एस्टी रेक्लामफिल्म'वर माहितीपट केला. ही सोविएत काळात जाहिराती बनवणारी कंपनी होती, म्हणजे जिथे दुकानात माल नाही तिथे मालाच्या जाहिराती! कोंबडीच्या खिम्याची एक जाहिरात आजही इंटरनेटवर फिरते, शोधा, मानसिक तयारी करून बघा.

निर्मात्याचं महत्त्व कळायला सर्वात चांगलं उदाहरण 'टँजरिन्स'. दिग्दर्शक जॉर्जियाचा, झाझा उरुशाद्झे, गोष्ट जॉर्जियातून फुटू बघणाऱ्या अबखाझियातली, पण निर्माता एस्टोनियन इवो फेल्ट आणि मुख्य नट लेंबित उल्फसाक. एस्टोनियाकडून ऑस्करला गेला आणि २०१५ ला शेवटच्या पाचात आला. एस्टोनियाचं पहिलं नामांकन. म्हणजे निर्मात्याच्या जोरावर देशाचं नाव लागलं.

पाटीलबुवा

दारूच्या करातून सिनेमा. आमचं गाव एकटं दोन सिनेमे काढेल वर्षाला.

कांदेपोहे२

अवांतर पण राहवत नाही. नोलनचा 'टेनेट' बघितला असेल सगळ्यांनी, त्यातलं सुरुवातीचं ऑपेरा हाऊस आहे ना, कीव म्हणून दाखवलेलं, ते तालिनचं लिन्नाहाल्ल. तेही १९८० च्या ऑलिंपिकसाठीच बांधलेलं. आणि त्याच सिनेमात मुंबई पण आहे, डिंपल आहे. म्हणजे तालिन आणि मुंबई एकाच सिनेमात. बाहेरच्या कंपन्यांना तिकडे खर्चाचा काही भाग परत मिळतो.

खवट_नाना

हो, आणि रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीने 'स्टॉकर' पण तालिनच्या आजूबाजूलाच केला. सगळे बाहेरचे येतात आणि तालिनला तालिन म्हणून कुणी दाखवत नाही. एवढ्यापुरतं मी किल्मीच्या बाजूने आहे. त्याचं तालिन तालिनच असतं.

पण मूळ मुद्द्यावर येतो. 'सांगारिद' तुम्हाला आवडला नाही म्हणालात, का? मला उलट तो जास्त प्रामाणिक वाटला. तिथे कथापट आहे म्हणून सांगितलंय, पुढे मग काय वाट्टेल ते करा.

अर्धा_चहा

कारण त्यात विनोद सुरक्षित झालाय. 'डिस्को'त हसताना मागे कुठेतरी खरा मनुष्य मुलाखतीत बसलेला असतो, जुना अधिकारी, जुना टीव्हीवाला, आणि तो कधी हसतो कधी हसत नाही, त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. 'सांगारिद'मधे सगळ्यांना माहीत आहे की हा विनोदी सिनेमा आहे. केस, कपडे, गाड्या, स्वीडिश लोकांचा भाबडेपणा, सगळं ठरल्या जागी. प्रेक्षकाला कुठेच अडखळायला होत नाही. तुम्ही ज्याला लबाडी म्हणता ती शिवण काढून टाकली की किल्मी साधा बरा दिग्दर्शक उरतो, तसे बरेच आहेत.

आणि कल्पना मात्र पुन्हा सांगतो, फार मोठी आहे. टीव्हीत बघून ज्या पश्चिमेवर प्रेम केलं तिथे प्रत्यक्ष पोचल्यावर काय होतं. १९९१ नंतर अख्ख्या देशाचंच ते झालं. ते त्याने तीन पोरांच्या फजितीवर भागवलं याची हळहळ वाटते.

उत्तरध्रुव

यावर एक. माझ्या ओळखीचे एक तालिनचे गृहस्थ आहेत, ते 'डिस्को' बघून चिडले होते. म्हणाले, हे सगळं खरं आहे पण आम्ही इतके हसत नव्हतो. माझा भाऊ तेव्हा सैन्यात अफगाणिस्तानात होता आणि आई 'डॅलस' बघत रडायची, मालिकेसाठी नव्हे. पण त्यांच्याच मुलीला तो सिनेमा इतका आवडला की तिने त्यांना बसवून तासभर प्रश्न विचारले आणि ते बोलले, आधी कधी बोलले नव्हते.

खवट_नाना

हे महत्त्वाचं आहे. म्हणजे सिनेमाने जे गाळलं ते घरात बाहेर आलं.

मृण्मयी_क

नाना चक्क विरघळले की काय?

खवट_नाना

अजिबात नाही. त्या गृहस्थांचा भाऊ सिनेमात का नाही हाच माझा प्रश्न आहे.

भिंगरी

कुठून सुरुवात करू ते कुणीतरी सांगा ना. मला जास्त रडवणारं नकोय सध्या.

अर्धा_चहा

मग 'क्लास' आत्ता नको. 'डिस्को आणि अणुयुद्ध' बघा, दीडेक तासाच्या आतच संपतो, सबटायटल्स चांगली आहेत. तो आवडला तर आर्माचा जाहिरातींवरचा. मग 'टँजरिन्स', त्यात युद्ध आहे पण मन दमत नाही. मुलांबरोबर बघायचा असेल तर किल्मीनेच अलीकडे नाताळ आणि जंगल असा लहान मुलांचा सिनेमा पण केलाय, २०२० चा, लाटव्हियाबरोबर. 'सांगारिद' शेवटी, आणि तो बघून इथे येऊन नानांची बाजू घेऊ नका.

भिंगरी

धन्यवाद! नाना, आणि तुम्ही एवढं भांडताय, पण 'डुकरांची क्रांती' बघितलीत का?

खवट_नाना

नाही, कुठे मिळतच नाही. अर्धाचहा, असेल तर व्यक्तिगत निरोप करा. बघून मग त्यावरही भांडू.